ओव्हल मैदानाच्या दोन बाजू : एका हेरिटेज वॉकचं प्रकरण

मैदान ओलांडलं की माणसं गळायला लागतात, एवढीच गटाची तक्रार होती.

दक्षिण मुंबईत रविवारी सकाळी मराठीतून हेरिटेज वॉक काढणारी ही हौशी मंडळी. कोणी शिक्षक, कोणी बँकेतून निवृत्त झालेलं, एकदोघं आर्किटेक्चर शिकणारी मुलं. मार्ग सरळ होता. साडेसातला हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनपाशी जमायचं, उच्च न्यायालय आणि विद्यापीठ बाहेरून पाहायचं, ओव्हल मैदानातल्या आडव्या पायवाटेने पश्चिमेला जायचं, तिथली आर्ट डेको (विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, गोलाई आणि आडव्या रेषांची शैली) इमारतींची रांग बघत उत्तरेला सरकायचं आणि इरॉस सिनेमाच्या कोपऱ्यावर संपवायचं. अडीच तासांचा कार्यक्रम. पहिल्या निम्म्यात लोक माना वर करकरून बघत, प्रश्न विचारत, एकमेकांना कोरीवकाम दाखवत. मैदान ओलांडलं की मोबाइल बाहेर येत, कोणाला चर्चगेटची गाडी आठवे, कोणाची न्याहारी राहिलेली असे. इरॉसपाशी टाळ्या वाजवायला मोजकीच टाळकी उरत.

मी वास्तुरचना शिकवतो. दुसरा भाग आटोपशीर करावा की सरळ काढूनच टाकावा, हे विचारायला त्यांनी मला बोलावलं होतं. त्यांचं निदान तयार होतं: लोकांना जुनं आवडतं, नवं आवडत नाही.

मला हे पटलं नाही. एक तर हे ‘नवं’ आता नव्वदीला टेकलंय; इरॉस १९३८ चं. दुसरं, ही दुसरी बाजू काढली तर पहिली बाजू अर्धीच कळते. ३० जून २०१८ ला युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो एकट्या विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला नाही. व्हिक्टोरियन गॉथिक (एकोणिसाव्या शतकातली, टोकदार कमानींची शैली) आणि आर्ट डेको अशा दोन्ही काळांच्या मिळून ९४ इमारती त्या यादीत आहेत. मैदानाच्या पूर्वेला एकोणिसावं शतक, पश्चिमेला विसावं, मध्ये रविवारचं क्रिकेट. असा आमनेसामने उभा असलेला जोड सहजी बघायला मिळत नाही. तो दाखवता येत नसेल तर दोष रांगेत नाही, दाखवण्यात आहे, असं मी त्यांना सांगितलं. अर्थात सांगणं सोपं असतं. मग एका रविवारी मी वॉकच्या शेपटाला लागून, काही न बोलता चाललो.

मागून चालताना दिसलेलं

पहिली गोष्ट अगदी शारीरिक होती. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे न्यायालय आणि विद्यापीठ यांच्या पाठीमागे. त्या इमारतींची सावली त्यांच्याच पुढच्या फुटपाथवर पडते, आणि गट नेमका तिथे उभा. गार सावली, हातभर अंतरावर दगड, नजरेच्या उंचीवर कोरलेली पानंफुलं. पश्चिमेला पोचेपर्यंत साडेनऊ वाजलेले. तिथे सावली नाही, ऊन मानेवर. त्यातून गाईडने सगळ्यांना उभं केलं होतं इमारतींच्या पायथ्याशी. पाच मजली इमारतीखाली, दहा फुटांवर उभं राहून वर पाहिलं की गॅलऱ्यांचे तळ दिसतात आणि वाळत घातलेले टॉवेल. ज्या गोलाईसाठी, ज्या आडव्या रेषांसाठी या रांगेचं नाव झालं त्यातलं काहीच तिथून दिसत नाही.

दुसरी गोष्ट बोलण्यातली. पूर्वेला गाईड माणसांबद्दल बोलत होता. प्रेमचंद रायचंद: अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या लाटेवर स्वार झालेला हा व्यापारी. त्याने विद्यापीठाला पैसे दिले आणि मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं, नाव मागितलं. १८६५ मध्ये बाजार कोसळला, तो धुळीला मिळाला. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि त्यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवलं नाही. मग उच्च न्यायालय, कर्नल फुलर यांचं, तेही १८७८ चंच. तिथे १९०८ चा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. मराठी गटासमोर हे नाव निघालं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. उन्हातसुद्धा लोक हलले नसते.

पश्चिमेला हाच गाईड एकदम पाठ्यपुस्तकासारखा बोलायला लागला. स्ट्रीमलाइन, सनबर्स्ट, झिगुरात, पॅरिसचं १९२५ चं प्रदर्शन. एकामागून एक लेबलं, त्यात माणूस कुठेच नाही.

तेवढ्यात घोळक्यातले एक काका म्हणाले, ‘सर, ह्या तर आमच्या दादरच्या बिल्डिंगीसारख्याच आहेत की!’ लोक हसले, गाईडही हसला आणि पुढच्या इमारतीकडे वळला. त्या सकाळी कोणी बोललेलं सगळ्यात मोलाचं वाक्य असं हवेत विरून गेलं. काकांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. शिवाजी पार्क, दादर, माटुंगा हे भाग त्याच दशकांत, त्याच सिमेंटने, बऱ्याच अंशी त्याच घडणीचे वाढले. म्हणजे या लोकांना आर्ट डेको आवडत नाही असं नव्हतंच. ते त्यातच वाढले, म्हणून बघण्यासारखं त्यात काही आहे हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. कौतुक परक्या वस्तूचं होतं. रोजच्या जिन्याला कोण मान वर करून बघतो?

उलटा क्रम

मी पहिला बदल सुचवला तो क्रम उलटा करण्याचा. इरॉसपाशी सुरुवात, कोवळ्या उन्हात पश्चिमेची रांग, मग मैदान, आणि ऊन चढेल तेव्हा न्यायालय-विद्यापीठाच्या सावलीत शेवट. सूर्याची सोय दोन्हीकडे साधते. गटातल्या इतिहासाच्या बाईंना ते अजिबात रुचलं नाही. ‘अहो, १९३८ कडून १८७८ कडे? शेंडा आधी आणि मूळ नंतर?’ माझं म्हणणं होतं की चालणारा माणूस काळाच्या ओळीत चालत नसतो. तो आपल्या घराकडून निघतो. आधी ओळखीचं दाखवलं, तर ‘याच्या आधी इथे काय होतं?’ हा प्रश्न त्याच्याच तोंडून येतो. आणि या जागेत त्या प्रश्नाचं उत्तर मोठं रंजक आहे.

ते द्यायला मैदानाच्या मधोमध, पायवाटेवर थांबायचं ठरलं. हा थांबा आधीच्या वॉकमध्ये नव्हताच. मैदान नुसतं ओलांडलं जायचं. तिथे उभं राहून दोन्ही रांगा एकदम दिसतात आणि गोष्ट अशी उलगडते. फोर्टला खरोखरची तटबंदी होती. तोफांच्या माऱ्यासाठी तिच्यापुढची जमीन मोकळी ठेवलेली. ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदानं त्या मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६० च्या दशकात तट पाडला, कापसाचा पैसा हाताशी होता, आणि नव्या सरकारी इमारती ओळीने उभ्या राहिल्या. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. का? कारण तेव्हा या मैदानाच्या पलीकडे एक रस्ता, मग रेल्वेचे रूळ, आणि लगेच समुद्र होता. जुनं सचिवालय (विल्किन्स यांनी आखलेलं, १८७४ चं) काय किंवा न्यायालय काय, त्यांचे ते लांबलचक कमानींचे व्हरांडे नुसत्या शोभेचे नाहीत, समुद्राचा वारा घ्यायला आणि दुपारचं ऊन भिंतीवर पडू न द्यायला आहेत.

मग बॅकबे रेक्लमेशन. १९२० च्या दशकातली ही समुद्र बुजवण्याची योजना खर्चात, वेळात आणि गाळ उपसण्यात अशी काही फसली की गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने तिची टर उडायची. तिच्यातला भोंगळ कारभार काँग्रेसचे नेते खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. पुढे समुद्र बुजवूनच केलेल्या जमिनीला त्यांचं नाव मिळालं (नरिमन पॉइंट), हा मुंबईचा विनोद. ठरवली होती त्याच्या निम्म्याहून कमी जमीन हाती आली. चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंतची रेल्वेही १९३० च्या अखेरीस बंद झाली. रूळ गेले, समुद्र मागे हटला आणि तिथे ही फ्लॅटांची रांग आली. गॉथिक रांगेसमोरचा समुद्र आर्ट डेको रांगेने अडवला.

हे सांगून झाल्यावर गाईडने गप्प बसायचं, एवढी सूचना मी केली होती. पहिल्याच खेपेला एका मुलीने वडिलांना विचारलं, ‘बाबा, मग कोर्टाला आता काय दिसतं?’ बाबांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, ‘बिल्डिंगी.’ दोन्ही बाजूंचा संबंध जोडायला आणखी भाष्याची गरज पडली नाही.

कमान आणि छज्जा

शैलीची नावं कमी करून एकच गोष्ट नीट समजावायची, असा माझा आग्रह होता: दगड आणि काँक्रीट यांच्या स्वभावातला फरक. याला मी जरा जास्त वेळ दिला, कारण एकदा हे कळलं की बाकीचं लोक आपोआप ओळखायला लागतात.

दगड दाबला तर कितीही भार घेतो, पण वाकवला, ताणला तर मोडतो. म्हणून दगडी इमारतीत रुंद दार-खिडकी हवी तर कमान घालावी लागते; कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो आणि भार खाली भिंतीत उतरतो. म्हणून त्या भिंती जाड, म्हणून ते खांब जवळजवळ. सिमेंट काँक्रीटसुद्धा दगडासारखंच ताणाला कच्चं, पण त्यात लोखंडी सळ्या घातल्या की ताण सळ्या घेतात. मग स्लॅब भिंतीच्या बाहेर तीन-चार फूट तसाच, खाली टेकू न देता काढता येतो. खिडकीवरचा छज्जा, कोपऱ्याला वळसा घालून जाणारी गॅलरी, ऐन कोपऱ्यात खांबाशिवाय उघडणारी खिडकी, हे सगळं त्या सळईचं देणं. पश्चिमेच्या इमारतींवर खिडक्यांच्या माथ्यावरून भुवईसारखे सलग धावणारे छज्जे बघा. पूर्वेच्या व्हरांड्याचंच काम ते करतात: ऊन आणि पाऊस भिंतीपासून लांब ठेवायचा. प्रश्न तोच, मुंबईच्या हवेचा; साहित्य बदललं तसं उत्तर बदललं.

यात माणसंही आहेत आणि ती आपली आहेत, हे गाईडच्या बोलण्यात येत नव्हतं. पूर्वेची रांग बहुतांशी इंग्रज लष्करी इंजिनिअरांची. पश्चिमेला मात्र भारतीय आर्किटेक्टांची पहिली मोठी पिढी काम करताना दिसते. रांगेतली एम्प्रेस कोर्ट ही इमारत गजानन म्हात्रे यांची. इरॉस सोहराबजी भेदवार यांचं. फोर्टमधली न्यू इंडिया अॅश्युरन्सची १९३६ ची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांच्या फर्मची, तिच्यावरची शिल्पं गुगलून नव्हे, तर इमारतीसमोर उभं राहूनच बघावी. आणि इरॉससमोर, चर्चगेट स्टेशनच्या बाजूला पश्चिम रेल्वेचं घुमटवालं मुख्यालय, १८९९ चं, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं, बोरीबंदरचं स्टेशनही त्यांचंच. त्यांचा मुलगा चार्ल्स याने १९३३ मध्ये रीगल सिनेमा बांधला, मुंबईतल्या पहिल्या आर्ट डेको चित्रपटगृहांपैकी एक. बाप गॉथिकचा मातब्बर, मुलगा काँक्रीटचा. दोन शैलींचं भांडण वगैरे जे बोललं जातं ते एका घरात एका पिढीत मिटलं होतं.

आता एक जवळून बघायची जागा. रांगेतल्या एका इमारतीच्या गॅलरीच्या कठड्यावर तीन आडव्या खाचा आहेत, एकमेकींना समांतर, इमारतभर पळणाऱ्या. दुसऱ्या मजल्यावर त्या मधेच थांबतात. पुढचा चार फुटांचा तुकडा सपाट गुळगुळीत, रंगाची छटाही किंचित वेगळी. मग खाचा पुन्हा सुरू. कारण समुद्राची खारी हवा. ती काँक्रीटमध्ये शिरते, सळई गंजते, गंजली की फुगते, आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. कठडा फुटला, कोणी तरी दुरुस्त केला, प्लॅस्टर करणाऱ्याला खाचा काढायच्या असतात हे कोणी सांगितलं नाही. नव्या क्रमात गाईड इथे थांबतो आणि ‘काय चुकलंय ते शोधा’ एवढंच म्हणतो. मुलं आधी शोधतात. आणि ज्यांच्या सोसायटीत प्लॅस्टर पडतंय त्यांचे प्रश्न मग थांबत नाहीत: कंत्राटदार कोण बघायचा, गंज आधी घासायचा की नाही, वरून नुसतं सिमेंट थापलं तर किती टिकेल. हेरिटेज वॉकमध्ये सोसायटीच्या दुरुस्तीची चर्चा! इतिहासाच्या बाई वैतागल्या. मला मात्र तेव्हा वॉक जमली असं वाटलं.

बंद केलेल्या गॅलऱ्या, लटकणारे एसी, बदललेल्या खिडक्या यांवर गाईड आधी हळहळायचा. ती हळहळ काढून टाकायला सांगितली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली; मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, भाडेकरूला जागा वाढवायला गॅलरीच उरली. हे सांगितलं तर लोक बंद गॅलरीकडे रागाने नाही, ओळखीने बघतात. आपल्या घरी तरी काय केलंय!

राहणाऱ्यांची बाजू

पूर्वेच्या रांगेत रविवारी कोणी नसतं. पश्चिमेच्या रांगेत लोक राहतात, आणि हा फरक वॉकच्या आखणीत कुठेच धरलेला नव्हता. फाटकाच्या नक्षीदार जाळीत मोबाइल घालून जिन्याचे फोटो काढले जात, माइकवर बोललं जाई. एका इमारतीच्या वॉचमनने मला नंतर सांगितलं, ‘साहेब, रविवारी सकाळीच तुमचा स्पीकर सुरू होतो. वरच्या आजींची झोपमोड होते, आणि ऐकून आम्हाला घ्यावं लागतं.’ मैदानाच्या कडेला, रस्त्याच्या अलीकडे उभं राहण्याचा जो बदल इमारती नीट दिसाव्यात म्हणून केला होता, त्याने ही कटकटही बऱ्यापैकी मिटली. स्पीकर बंद झाला. मोठ्या गटाचे दोन भाग केले. तळमजल्याचा एक जिना आणि लिफ्टचा जुना पिंजरा दाखवायला मिळावा म्हणून एका सोसायटीशी बोलणं झालं, तिने नाही म्हटलं. तो त्यांचा हक्क आहे.

काय बदललं, काय नाही

माणसं आता शेवटपर्यंत थांबतात. त्यातला किती वाटा सावलीचा आणि किती गोष्टीचा हे वेगळं काढता येणार नाही. मला विचाराल तर सावलीला कमी लेखू नये. नुकसानही झालं. टिळकांचा खटला आता शेवटी येतो, आणि तोवर पाय दुखायला लागलेले असतात. सकाळच्या वेळी मैदानातून राजाबाई टॉवरचा फोटो काळा येतो, सूर्य त्याच्या पाठीशी असल्यामुळे. ज्यांना फक्त तो फोटो हवा असतो ते नाराज होतात. त्यांच्यासाठी गटाने हिवाळ्यात एक संध्याकाळची फेरी ठेवली आहे, जुन्याच क्रमाने. मावळतीच्या उन्हात पूर्वेचा दगड खरोखर सोनेरी होतो.

माकडाच्या गोष्टीवरून मात्र आमचं अजून जमत नाही. उच्च न्यायालयात कुठल्याशा खांबावर एक डोळा झाकलेलं, हातात तराजू धरलेलं माकड कोरलंय, आणि ते म्हणे एका नाराज पारशी ठेकेदाराने खटला हरल्यावर सूड म्हणून कोरून घेतलं. गाईडला ही गोष्ट प्राणप्रिय आहे, कारण तिथे हमखास हशा पिकतो. सांगा, पण ‘असं सांगतात’ म्हणून सांगा, एवढंच माझं म्हणणं. तो दोन रविवार ऐकतो आणि तिसऱ्या रविवारी पारशी ठेकेदाराला पुन्हा खराखुरा करून टाकतो.

दुसरा वाद नरिमन पॉइंटचा. जुनं-नवं दाखवायचं तर १९७० च्या दशकातले टॉवर का नाहीत, एअर इंडियाची १९७४ ची इमारत पंधरा मिनिटांवर आहे, असं आर्किटेक्चरच्या मुलांचं म्हणणं. मुद्दा बरोबर आहे: तिथेही समुद्र बुजवूनच जमीन केली, आणि तिथे छज्जा गेला, काच आली, वाऱ्याची जागा एसीने घेतली. पण अडीच तासांच्या वॉकला आणखी पंधरा मिनिटं चालणं जोडलं की ज्येष्ठ मंडळी पुन्हा गळणार. मी त्याची वेगळी वॉक करायला सांगितली आहे, मुलं आखताहेत.

जून ते सप्टेंबर गट वॉक बंद ठेवतो, मैदानात चिखल होतो म्हणून. यंदा मात्र पावसाळ्यात फक्त पश्चिम बाजूची, तासाभराची छोटी फेरी करून बघायचं ठरलं आहे, छज्ज्यावरून पाणी नेमकं कुठे पडतं ते दाखवायला. छत्री ज्याची त्याने आणायची.